कीर्तनाचे ताट आणि जलशाचे तिकीट : विष्णु दिगंबर पलुसकर

१

स्वातंत्र्योत्तर काळातील संगीतश्रोत्यांच्या आठवणींत एक हळहळ वारंवार व्यक्त होते. कलकत्त्याची १९५२ पासूनची डोव्हर लेन परिषद असो, की पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव असो. त्या काळी अल्पशा पैशांत रात्र रात्र गाणे ऐकता येत असे, जाजमावर बसलेल्या विद्यार्थ्याला आणि कारकुनाला थोरामोठ्यांच्या कलेचा लाभ होत असे, आणि पुढे मात्र तिकिटांचे दर वाढत जाऊन तो श्रोता मंडपाबाहेर पडला, असा या हळहळीचा आशय असतो. भारतीय भाषांतील संगीतविषयक आत्मपर लेखनात ही भावना इतकी रुळलेली आहे की, तिला एखाद्या वाङ्मयीन संकेताचे स्वरूप प्राप्त झाले आहे. तीत तथ्य नाही असे नाही. श्रवणाची सवय ऐपतीवर अवलंबून राहू लागली की रसिकवर्ग आक्रसतो, हे उघड आहे. तथापि या स्मरणरंजनात एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. गाणे स्वस्त होते, म्हणजे त्याला खर्च कमी होता काय? की श्रोत्याने न दिलेला भाग दुसरेच कोणी देत होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर रागसंगीताच्या मैफलीला तिकीट लागले त्या काळापर्यंत मागे जावे लागते, आणि तेथे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र समोर येते. संगीताचे उद्धारक, गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक, राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून वंदे मातरम् गाणारे गायक या नात्यांनी त्यांची थोरवी सर्वपरिचित आहे. परंतु गाणे सर्वांना परवडावे या आग्रहापायी त्यांनी स्वतः काय मोजले, या अंगाने त्यांच्या आयुष्याकडे पाहिले असता त्यातील यश आणि अपयश यांचा परस्परसंबंध अधिक स्पष्ट होतो.

२

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस या गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. ही गोष्ट चरित्रकार सहसा वंशपरिचयाच्या ओघात नोंदवून पुढे जातात; परंतु पुढील सर्व कथेच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. कीर्तन हा महाराष्ट्रातील सर्वांत जुना उघडा रंगमंच होय. देवळाच्या सभामंडपात कोणीही यावे, खांबाला टेकून ऐकावे, आणि अखेरीस आरतीचे ताट समोर आले म्हणजे ज्याला जे शक्य असेल ते त्याने टाकावे, अशी त्याची रीत. श्रवण आधी आणि दक्षिणा मागून, तीही ऐपतीप्रमाणे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने ताटाला हात लावून नमस्कार केला तरी चालते. या व्यवस्थेत गाणारा श्रोत्यांच्या सद्भावावर जगतो, आणि त्याचे दारिद्र्यही त्या सद्भावाइतकेच नित्याचे असते. विष्णूचे बालपण या व्यवस्थेच्या सावलीत गेले.

लहानपणीच दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटून त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. दृष्टी पुष्कळशी अधू झाल्यामुळे इंग्रजी शिक्षणाचा आणि त्यावर मिळणाऱ्या नोकरीचा मार्ग बंद झाला. उपचारांसाठी मिरजेस आणले असता तेथील डॉक्टर भडभडे यांनी या मुलाला गायन शिकवावे असे सुचविले, आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने तो पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते हे बाळकृष्णबुवा. त्यांनी स्वतः ही विद्या दूरदूरचे प्रवास करून, गुरुगृही कष्ट उपसून संपादन केली होती. त्यांच्या हाताखाली विष्णु दिगंबरांची तालीम १८९६ पर्यंत चालली.

मिरजेतील त्या दिवसांसंबंधीचा एक प्रसंग चरित्रग्रंथांतून सांगितला जातो. गावातील एका समारंभास विष्णु दिगंबरांना आमंत्रण होते. त्यांच्या गुरूंना नव्हते. शिष्याला राजाश्रयामुळे मान होता, आणि प्रत्यक्ष गुरू मात्र गवई म्हणून पंक्तीबाहेर राहिले. हा भेद तरुण मनाला झोंबला, आणि गायकाची सामाजिक प्रतिष्ठा वाढविण्याचा निश्चय तेथूनच उगम पावला, असे मानले जाते. प्रसंगाचा तपशील कसाही असो, त्यातून सूचित होणारी परिस्थिती वास्तव होती. दरबारी गवयाला तनखा मिळे, बिदागी मिळे, क्वचित उंची वस्त्रेही मिळत. परंतु हे सारे धन्याच्या मर्जीवर असे. त्याने केव्हा गावे आणि कोणासमोर गावे, हे दुसरा ठरवीत असे. ज्यांना ऐकण्याची ओढ होती पण वाड्यात प्रवेश नव्हता, अशा लोकांना तर या संगीताची केवळ ख्यातीच ऐकावी लागे.

३

१८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली आणि काही सोबत्यांसह ते भ्रमंतीस निघाले. साताऱ्याहून ते बडोद्यास गेले. तेथे राजमाता जमनाबाई यांचा आश्रय त्यांना लाभला. तेथेच स्थायिक होऊन सुखाने दरबारी आयुष्य कंठणे अशक्य नव्हते. त्यांनी ते केले नाही. बडोद्याहून ते काठेवाडात उतरले, आणि या मुलखातच त्यांनी राजवाडा आणि देऊळ या दोन्ही ठिकाणांबाहेर, तिकीट लावून, जाहीर जलसा केला.

रागसंगीताचा पहिला जाहीर जलसा म्हणून या घटनेचा गौरव केला जातो. या पहिलेपणाचा अर्थ मात्र नेमकेपणाने समजून घेतला पाहिजे. तिकीट ही वस्तू मराठी माणसाला नवी नव्हती. विष्णुदास भाव्यांनी १८५३ साली मुंबईत तिकीट लावून नाटके केली होती, आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आल्यापासून पैसे देऊन गाणे ऐकण्याची सवय मध्यमवर्गाला जडली होती. गायनाच्या मंडळ्याही होत्या. मुंबईत १८७० साली पारशी गायन उत्तेजक मंडळी आणि पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाले होते. परंतु तेथे सभासदत्वाची चौकट होती. नाटकात गाणे कथेच्या आधाराने उभे राही, समाजात ते ओळखीच्या वर्तुळात राही. कथा नाही, वेषभूषा नाही, धन्याचे आमंत्रण नाही, केवळ राग ऐकण्यासाठी अनोळखी माणसाने दारात पैसे द्यावेत आणि आत येऊन बसावे, ही गोष्ट विष्णु दिगंबरांनी एका प्रासंगिक प्रयोगापुरती न ठेवता आयुष्यभराचा मार्ग म्हणून स्वीकारली. त्यांचे वेगळेपण या सातत्यात आहे.

तिकिटाने दोन गोष्टी एकदम साधल्या. श्रोता कोणाचा पाहुणा राहिला नाही. थोडे का होईना, पैसे देऊन त्याने आपली जागा मिळविली होती. आणि गायक कोणाचा आश्रित राहिला नाही. त्याचे उत्पन्न एका धन्याच्या प्रसन्नतेऐवजी पुष्कळ अनोळखी माणसांच्या आवडीवर आले. अर्थात ही सुटका निर्धोक नव्हती. दरबारात एक कान तृप्त केला की भागत असे. येथे शेकडो कान होते, आणि त्यांतील बहुतेकांना रागाचे नावही ठाऊक नव्हते. अशा श्रोत्याला परवडेल असा दर ठेवावयाचा आणि त्याला समजेल असे गाणेही समोर मांडावयाचे, अशी दुहेरी जबाबदारी गायकावर आली. दारावरच्या दराबाबत विष्णु दिगंबर दरबाराच्या वृत्तीने वागले नाहीत. कीर्तनाचा उघडा दरवाजा आणि नाटकाचे तिकीट, या दोहोंच्या मधला मार्ग त्यांनी काढला, असे म्हणता येईल.

गिरनारच्या परिसरात एका साधूने त्यांना उत्तरेकडे, पंजाबात जाण्याचा आदेश दिला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पुढचा प्रवास त्या दिशेनेच झाला. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी ठिकाणे घेत ते पंजाबात पोचले. मथुरेच्या मुक्कामात त्यांनी व्रजभाषेचा आणि ध्रुपदाचा अभ्यास केला. ख्यालाच्या बंदिशी ज्या भाषेत आहेत ती भाषा एका मराठी गवयाने मुळातून शिकावी, ही बाब भारतीय भाषांच्या अभ्यासकाला विशेष वाटावी अशी आहे. पंजाबात जालंदरला १८७५ पासून हरवल्लभ मेळा भरत होता. तलावाकाठच्या या मेळ्यात साधू, व्यापारी, शेतकरी असे सर्व तऱ्हेचे लोक विनामूल्य रागसंगीत ऐकत. या मेळ्याशी विष्णु दिगंबरांचा निकट संबंध आला. सामान्य जनांना शास्त्रोक्त गाणे रुचत नाही, हा समज तेथे येणाऱ्या समुदायाने अगोदरच खोटा ठरविलेला होता.

४

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. बडोद्यास मौलाबक्ष यांची संगीतशाळा १८८६ पासून चालत होती. परंतु ती संस्थानाची होती. लाहोरची शाळा वर्गणी, देणगी, फी आणि जलशाचे उत्पन्न यांवर उभी होती. विद्यार्थी प्रथम येईनात. भल्या घरच्या मुलांनी गाणे शिकावे ही कल्पना पंजाबातील सुशिक्षित वर्गाला रुचण्यासारखी नव्हती; कारण गाणे हा मिरासींचा आणि तवायफांचा व्यवसाय समजला जाई. तरीही ठरलेल्या वेळी शाळा उघडून, तंबोरा जुळवून, रिकाम्या वर्गात बसावयाचे हा क्रम विष्णु दिगंबरांनी मोडला नाही, असे त्यांच्या शिष्यवर्गात सांगितले जात असे. हळूहळू मुले आली, पुढे मुलीही आल्या. स्त्रियांच्या शिक्षणात त्यांच्या पत्नी रमाबाई यांचा वाटा होता.

शाळेची रचना पाहिली म्हणजे तिच्या खर्चाची कल्पना येते. बाहेरून येणारे विद्यार्थी अल्प फी देत. त्यांच्याखेरीज उपदेशक वर्ग होता. या वर्गातील मुले शाळेतच राहत, त्यांचे अन्नवस्त्र शाळा पाहत असे, आणि त्या बदल्यात अनेक वर्षे शिकून पुढे संगीताचा प्रसार करण्याचे वचन ती देत. जुन्या गुरुकुलात शिष्य गुरूच्या घरी राबत असे. येथे शिष्यांचा भार संस्थेने उचलला होता. यांशिवाय स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धती सिद्ध करून पुस्तके छापावयाची होती. संगीत बालप्रकाश आणि रागप्रवेशाचे अनेक भाग या उद्योगातून निघाले. संगीतामृतप्रवाह हे मासिकही निघाले. छापखाना आला, वाद्यांची दुरुस्ती व निर्मिती आली. पुस्तकही तिकिटासारखेच अनोळखी माणसाच्या हाती पडणारे. त्याची किंमतही विद्यार्थ्याला झेपेल अशीच ठेवणे भाग होते. अशा रीतीने संस्थेचे प्रत्येक अंग लोकांना परवडावे या तत्त्वावर चालले होते, आणि म्हणून कोणतेच अंग आपला खर्च स्वतः भागवू शकत नव्हते. तूट भरून काढण्याचे मुख्य साधन एकच होते. ते म्हणजे विष्णु दिगंबरांचा आवाज.

जलसा या प्रकाराला त्यांनी जी शिस्त लावली ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होई. बैठकीत बोलणे, पान-तंबाखू, ये-जा यांना आळा घातला जाई. लांबलचक आलापचारीऐवजी आटोपशीर गायन, विद्यार्थ्यांचे समूहगान, वाद्यवृंद, आणि अखेरीस भजन असा विविधतेने नटलेला क्रम असे. शृंगारिक बंदिशींच्या जागी भक्तिपर शब्द घातले जात, म्हणजे कुटुंबासह येणाऱ्या गृहस्थाला संकोच वाटू नये. तिकीट काढून आलेल्या, पण संगीताचा संस्कार नसलेल्या माणसाला धरून ठेवण्याची ही योजना होती. मैफलीचा श्रोता गायकाची वाट पाहण्यात प्रतिष्ठा मानतो. जलशाच्या श्रोत्याला उद्या कामावर जावयाचे असते, हे विष्णु दिगंबरांनी ओळखले होते.

५

१९०८ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू झाले आणि थोड्याच काळात कार्याचे केंद्र लाहोरहून मुंबईस सरकले. मुंबईचा व्याप लाहोरपेक्षा पुष्कळ मोठा होता. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, परीक्षा आणि पदवीदानाचे समारंभ होऊ लागले, शहरातील प्रतिष्ठित नागरिक आणि सरकारी अधिकारी त्यांस उपस्थित राहू लागले. पुढे संगीताच्या क्षेत्रात ज्यांनी नाव गाजविले ते ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर यांसारखे शिष्य याच परंपरेत तयार झाले. संस्थेला स्वतःची वास्तू असावी म्हणून सँडहर्स्ट रोडच्या परिसरात मोठी इमारत उभारण्यात आली, आणि तिच्यासाठी कर्ज काढण्यात आले.

येथे या चरित्राचा कठीण भाग सुरू होतो. कर्जाचे व्याज ठराविक दिवशी द्यावे लागते. ते ऐपतीप्रमाणे ताटात टाकता येत नाही. फी वाढविली असती, तिकिटाचा दर चढविला असता, उपदेशक वर्ग बंद केला असता किंवा एखाद्या संस्थानिकाच्या पदरी संस्था घातली असती, तर हिशेब जुळण्याचा संभव होता. परंतु यांपैकी प्रत्येक उपायाने संस्थेचे मूळ प्रयोजनच बाधित झाले असते. त्यांनी वेगळाच मार्ग पत्करला. ते स्वतः अधिक हिंडू लागले, अधिक गाऊ लागले. गावोगावच्या जलशांचे उत्पन्न कर्जाच्या हप्त्यांकडे वळू लागले. शाळेतल्या मुलाला अल्प फीत गाणे मिळावे म्हणून शाळेच्या संस्थापकाने हिंदुस्थानभर प्रवास करावा, अशी ही व्यवस्था होती. ती एका माणसाच्या प्रकृतीवर आणि कंठावर अवलंबून होती, आणि हाच तिचा कच्चा दुवा होता.

याच सुमारास त्यांच्या मनाचा कल झपाट्याने विरक्तीकडे वळत होता. कौटुंबिक आयुष्यात त्यांनी अपत्यवियोगाचे दुःख पुनःपुन्हा सोसले होते. १९२१ साली जन्मलेला पुत्र दत्तात्रेय तेवढा पुढे वाढला. रामनाम आणि तुलसीरामायण यांत विष्णु दिगंबर अधिकाधिक रमू लागले, जलशाची जागा रामधून घेऊ लागली, आणि जे शिष्य व हितचिंतक संस्थेच्या अर्थकारणाकडे पाहत होते त्यांची चिंता वाढू लागली. १९२४ साली ते दौऱ्यावर असताना सावकारांनी संस्थेच्या मालमत्तेवर टाच आणली आणि महाविद्यालयाची वास्तू लिलावात गेली. गाण्याला राजाश्रयातून सोडवून लोकाश्रयावर उभे करण्याचा एवढा मोठा उपक्रम ज्या शहरात फळाला आला, त्याच शहरात त्याचे घर गेले. जलशांना गर्दी करणाऱ्या लोकांना ते वाचविता आले नाही. त्यांचा आश्रय तिकिटापुरता होता. पुढची जोखीम ज्याची त्याला होती.

६

विष्णु दिगंबरांच्या कार्याचे मूल्यमापन करताना केवळ त्यागाची बाजू पाहणे योग्य होणार नाही. अलीकडील अभ्यासकांनी, विशेषतः जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या या प्रयत्नात त्याला हिंदू भक्तीचे वळण प्राप्त झाले, आणि ज्या मुसलमान उस्तादांनी व व्यावसायिक गायिकांनी ही विद्या शतकानुशतके जतन केली त्यांचे स्थान या नव्या चित्रात आकुंचित झाले, हा तो आक्षेप. तिकीट कोणालाही काढता येत होते. परंतु आत गेल्यावर दिसणारे जग सर्वांचे नव्हते. दार रुंद करताना उंबरठ्याची घडण बदलली होती. काकिनाडा येथील १९२३ च्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली असता विष्णु दिगंबरांनी वंदे मातरम् पूर्ण म्हटले, या प्रसंगाची स्तुती आणि चिकित्सा दोन्ही झाल्या आहेत. लोकाभिमुख होणे म्हणजे कोणत्या लोकांच्या अभिमुख होणे, हा प्रश्न त्या प्रसंगाच्या मागे उभा आहे.

दुसरा आक्षेप कलेच्या अंगाने येतो. जलशाच्या गरजेसाठी गायन आटोपशीर व ठाशीव करण्यात रागाचा अवकाश कमी झाला, आणि वर्गात सामुदायिक रीतीने शिकविण्यात बहुतेकांना केवळ साचा मिळाला, असे म्हटले जाते. यात अंशतः सत्य आहे. परंतु थोर गवई निर्माण करणे हा या खटाटोपाचा एकमेव हेतू नव्हता. जाणता कानही निर्माण करावयाचा होता. पुढील पिढ्यांत ज्या श्रोत्यांनी मंडप भरले, त्यांच्यापैकी कितीएकांच्या घरांत एखादी पेटी, एखादे स्वरलिपीचे पुस्तक आणि एखाद्या परीक्षेचे प्रमाणपत्र होते. तो वर्ग आपोआप उत्पन्न झाला नव्हता.

त्यांचे समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वेगळा मार्ग धरला. १९१६ ची बडोदा संगीत परिषद महाराजांच्या पाठबळाने भरली, आणि १९२६ साली लखनौस सुरू झालेल्या मॅरिस कॉलेजलाही प्रांतिक सरकारातील व तालुकदारांतील वजनदार मंडळींचा आधार होता. एकाने सत्तेकडून साहाय्य घेतले, दुसऱ्याने ते शक्यतो लोकांकडून मागितले. दोघांनाही उमगलेले सत्य मात्र एकच होते. संगीताचा खर्च श्रोत्याच्या खिशातून पुरता निघत नाही.

७

वास्तू गेल्यावर विष्णु दिगंबरांचा मुक्काम प्रामुख्याने नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात राहिला. भगवी वस्त्रे, तुलसीरामायणाचे निरूपण आणि रामधून यांत त्यांचे उत्तरायुष्य गेले. रघुपति राघव राजाराम या धुनीची जी चाल पुढे महात्मा गांधींच्या प्रार्थनासभांमुळे देशभर झाली ती त्यांच्याच नावे सांगितली जाते. या धुनीला तिकीट नव्हते. ऐकणारा आणि गाणारा असा भेदही तीत उरत नव्हता. कीर्तनकाराचा मुलगा तिकिटाचा दीर्घ प्रवास करून ताटाकडे परत आला होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या गावी त्यांनी पहिला षड्ज लावला त्या मिरजेतच, त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. एका वास्तूऐवजी अनेक गावांतील लहानमोठ्या शाळांवर कार्य विभागले गेले. पुण्यात विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली, तर दिल्लीत विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली गांधर्व महाविद्यालय उभे केले. ओंकारनाथ ठाकूर यांनी १९५० मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालयाची धुरा घेतली. जो भार एका माणसाला पेलला नाही तो पुष्कळांनी वाटून घेतला.

स्वातंत्र्यानंतरच्या ज्या दशकांची आठवण श्रोते काढतात, त्या काळातील स्वस्ताईचे मूळ या वाटून घेतलेल्या भारात आहे. १९५२ साली आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, बा. वि. केसकर मंत्री असताना रागसंगीताला त्या माध्यमात भरघोस वेळ मिळाला, आणि अनेक कलावंतांच्या निर्वाहाचा काही भाग सरकारने उचलला. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी कार्यरत झाली. गावोगावच्या संगीतमंडळांत सभासदांची वर्गणी होती, कार्यकर्त्यांची बिनमोल मेहनत होती, पाहुण्या कलावंताला घरी उतरवून घेणारी कुटुंबे होती. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भरणारा उत्सव त्यांच्या शिष्यांनी, भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने, गुरुऋण म्हणून चालविला. तेथे अनेकांनी व्यवसायापेक्षा सेवेच्या भावनेने हजेरी लावली. १९७७ पासून किरण सेठ यांनी उभारलेल्या स्पिक मॅके या चळवळीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विनामूल्य संगीत दिले, त्यामागेही स्वयंसेवकांचे श्रम आणि कलावंतांनी कमी घेतलेले मानधनच होते. श्रोत्याच्या हातातील स्वल्प दराच्या तिकिटावर यांपैकी कोणाचेच नाव छापलेले नसे.

म्हणून त्या दिवसांविषयीची ओढ खोटी नसली तरी अपुरी आहे. मंडप, ध्वनियोजना, प्रवास आणि मानधन यांचा भार जाहिरातदार आणि प्रायोजक उचलू लागले, तेव्हा पुढच्या रांगा त्यांच्या पाहुण्यांकडे गेल्या. वाडा गेला होता, पण आमंत्रण नव्या रूपाने परत आले. याविरुद्ध तक्रार करावयाची तर तिचा रोख केवळ वाढत्या दराकडे असून भागणार नाही. दर आणि खर्च यांतील अंतर भरून काढण्यास कोण तयार आहे, हे तीत विचारले गेले पाहिजे. सँडहर्स्ट रोडवरील वास्तूचा लिलाव झाला त्या वर्षी हाच प्रश्न मुंबईच्या रसिकांसमोर होता, आणि तेव्हा त्याचे उत्तर विष्णु दिगंबरांनी एकट्याने दिले होते.